चार दिवसांची सुट्टी

ताई,

तुझ्याकडे यायचं तिकीट मला नऊ पँटींच्या शिलाईएवढं पडतं, म्हणून या खेपेलाही आलो नाही. एक खोली, एक शेगडी, आणि कुणापुढे हात पसरत नाही. परवा फोनवर मी ऐटीत म्हणालो, "तीन दिवस मशीन चालवतो, चार दिवस राजासारखा लोळतो!"

तू म्हणालीस, "मग राजेसाहेब, इथे येऊन लोळा की! मागची खोली तुमच्यासाठीच ठेवलीय."

मी हवापाण्यावर बोलत सुटलो. दमलोय गं. पण तिथे आलो, तर माझे अधू झालेले डोळे बघून तू मला परत सोडायची नाहीस. हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. तीन दिवसांत वाकडं शिवलेलं मी उरलेले चार दिवस उसवत बसतो.

तुझा हट्टी,
धाकटा