मोठ्या बाईंची गोळी

२ ऑगस्ट
पोचले एकदाची. खोली तिसऱ्या मजल्यावर, आगपेटीएवढी, पण खिडकीतून अर्धं शहर दिसतं. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, कानाने अधू आहेत. म्हणजे मी कितीही बडबडले तरी तक्रार नाही. उद्यापासून शाळेत बी.एड.चे सराव पाठ. शनिवार-रविवार पायाला भिंगरी लावून फिरायचं, असं प्रवासातच ठरवून टाकलंय. आईला फोन केला तर धाकटीनेच हिसकावून घेतला. तिला आत्ताच इथे यायचंय.

५ ऑगस्ट
सातवीचा एक वर्ग आणि भूगोल माझ्या गळ्यात पडलाय. पाठ टाचण फर्स्टक्लास लिहिलं होतं. वर्गाने त्याला भीक घातली नाही. नद्यांची खोरी शिकवताना मागच्या बाकांवर कागदी विमानांचा तळ उघडला होता. घसा खरवडून ओरडले. संध्याकाळी सगळा शीण वस्तुसंग्रहालयात घालवला. एका दालनात देवमाशाचा सांगाडा टांगलाय, त्याच्याखाली बसून पावाचे तुकडे खाल्ले, रखवालदार ओरडेपर्यंत.

९ ऑगस्ट
घसा पार बसला. बोलायला गेले की नुसती हवा. माझ्या मार्गदर्शक म्हणजे मोठ्या बाई. निवृत्तीला आलेल्या, नीटनेटक्या, आणि आवाज असा की ऐकत राहावं. आज त्यांचा तास पाहिला. वर्ग चिडीचूप. पोरं नुसती गप्प नव्हती, ओठ घट्ट मिटून बसली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने तर तासभर रुमाल तोंडावरून काढला नाही. मी मनात म्हटलं, याला म्हणतात वचक.
तास संपल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. आपलाही आवाज तरुणपणी असाच गेला होता म्हणाल्या. पर्समधल्या ओल्या फडक्यातून एक गोळी काढून दिली. भिजवलेल्या वाटाण्यासारखी, पांढुरकी, बुळबुळीत. जिभेखाली धर, चावू नकोस, एवढंच सांगितलं. वास शिळ्या पाण्यासारखा होता. भिडेखातर घेतली.

१० ऑगस्ट
कमाल झाली. सकाळी आवाज मोकळा, पूर्वीपेक्षा गोड. वर्गात एका शब्दात शांतता. बाई मागे उभ्या राहून मान डोलवत होत्या. मी हवेत.

१३ ऑगस्ट
नदीकाठी गेले. होडीतून पलीकडे, मग बाजार, मग मोठं आइस्क्रीम. पण तोंडाला चवच नाही. ओला कापूस चघळावा तसं लागलं. होडीत शेजारी बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला आणि उठून दुसरीकडे गेली. खोलीवर येऊन तळहातावर श्वास सोडून पाहिला. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर न बदलल्यावर येतो तो वास. चारदा दात घासले.

१६ ऑगस्ट
जीभ राखाडी पडली आहे. बारीकही झाली आहे, टोक आत वळलंय, सुकत आलेल्या पानासारखं. तिच्याखाली काहीतरी फुगलंय. बोट लावलं तर ते आत सरकलं.
आई नेहमी म्हणते, माझ्या जिभेला हाड नाही. आज बोटाला कडक लागलं. खवल्यांसारखं.
दोनदा उलटी झाली. पडलं ते धुताना तिसऱ्यांदा.

१७ ऑगस्ट
डॉक्टरकडे गेले. खुर्चीत बसले, काय होतंय ते सांगायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज म्हणाला की आता बरं वाटतंय, उगाच तसदी दिली. मी असं म्हणाले नव्हते. मी म्हणत होते, आत बघा. डॉक्टर हसले, मी जिना उतरत होते.

१९ ऑगस्ट
आज मधल्या सुट्टीत बाईंना जाब विचारायचाच म्हणून स्टाफरूममध्ये गेले. त्या एकट्याच होत्या, खिडकीकडे तोंड करून, बशीत दूध घेऊन. वाकल्या होत्या. तोंड उघडं होतं. जीभ असते तिथून काहीतरी अर्धं बाहेर आलं होतं, पांढरं, वळ्या-वळ्यांचं, आणि बारीक पायांनी त्यांचा खालचा ओठ धरून दूध पीत होतं. त्याला दोन काळे ठिपके होते. ते ठिपके माझ्याकडे वळले.
बाईंनी शांतपणे तोंड मिटलं, ओठ पुसले. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात मलाही असंच ढवळायचं, मग सवय होते. पुढच्या वर्षी स्वतःचा वर्ग मिळेल तुला.
पोरं तोंड का मिटून बसतात ते कळलं. आज माझ्या तासालाही बसली होती.

२१ ऑगस्ट
जीभ गळून पडली. सकाळी, बेसिनमध्ये. दुखलं नाही. एवढीशी, काळी, वाळलेली. तिच्याकडे बघत उभी राहिले आणि तोंडातलं ते दातांवरून फिरत होतं — एकेक दात मोजल्यासारखं.
ओरडायचं होतं. ते गुणगुणत होतं.

२२ ऑगस्ट
शाळेत गेले नाही. कात्री घेतली. तोंडात घातली तशी त्याने घशात पाय रोवले — श्वास कोंडला — डोळ्यांपुढे अंधारी. कात्री खाली ठेवली तेव्हा सोडलं.
त्याला दूध लागतं. मी देते. काय करू.

२४ ऑगस्ट
उशीवर दाणे. पांढुरके, ओले. रात्री तोंडातून ओघळलेले असणार. मी शौचालयात टाकायला निघाले होते. माझ्या हातांनी मात्र ते रुमालात बांधले.

२५ ऑगस्ट
आईचा फोन. ते बोललं. माझ्या लाडिक सुरात, सगळी थट्टामस्करी जशीच्या तशी. धाकटीला पाठव म्हणालं, आठवडाभर शहर दाखवते. मी फोन कापायच्या आत आई हो म्हणाली होती.
धाकटीला लिहून पाठवलं — येऊ नकोस, काहीही झालं तरी येऊ नकोस. तिने घाबरून फोन केला. ते खळखळून हसलं. म्हणालं, फसलीस की नाही.

२७ ऑगस्ट
आली आहे. भर दुपारी. मी दाराला टेबल लावून बसले होते. ते आतून म्हणालं, ये ग, जरा जोरात ढकल —
ती न्हाणीघरात हातपाय धुतेय. वही पलंगावर उघडी ठेवते. धाकटे, ही पानं वाच, मी काय बोलते ते ऐकू नकोस, बॅग उचल आणि
प्रवासात तिचा घसा बसलाय. आत्ताच म्हणाली.
नळ बंद झाला. ते विचारतंय, खूप दुखतोय का ग. रुमाल माझ्या मांडीवर आहे, मी नाही सोडला तो, गाठ आपोआप — धाकटे, तोंड उघडू न