एल्कचे परवाने आणि माझं मत

१२ जानेवारी
ती गाडी पुन्हा फाटकापाशी! इंजिन चालू, दिवे बंद. मी खिडकीखाली जमिनीवर बसून राहिले – स्वतःच्याच घरात, चोरासारखी.

कारण ठाऊक आहे. एल्कच्या, म्हणजे त्या थोरल्या शिंगांच्या हरणांच्या, शिकारीचे परवाने. अर्धे जमीनमालकांना मिळतात. ते टेक्ससच्या श्रीमंतांना विकतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी सगळ्या गावाची सोडत. मालकांचा वाटा कमी करायचा का, यावर समितीचं मतदान. दोघं मालकांचे, दोघं गावाचे, पाचवी मी. कुठून समितीवर यायला हो म्हटलं!

१४ जानेवारी
अदेलाइदो आले. शेजारचं सगळं कुरण त्यांचं. आमचे हे होते तेव्हा दोघं भावासारखे. आज पोसोले – मक्याचं मटण घातलेलं कालवण – पुढे ठेवलं तर चमचाही उचलला नाही.

"वहिनी, हिवाळाभर कळपच्या कळप माझा चारा फस्त करतात. चरायला माझं रान, आणि मारायला गाव – हा कुठला न्याय?"

खोटं नाही त्यात. जाताना म्हणाले, "विचार करून हात वर करा." एवढंच. पण कसं म्हणाले! ते वळताच मी कडी लावून घेतली.

१५ जानेवारी
आज भाऊ, सेफेरिनो. "ताई, लग्न झाल्यापासून सोडतीत एकदाच नाव लागलंय माझं! पोरांना मांस कुठून घालू? आणि ते पाहुणे विमानानं येतात, शिंगं घेऊन जातात!"

तेही खरंच.

१७ जानेवारी
फाटकावर एल्कचं मुंडकं. तारेनं बांधलेलं, डोळे उघडे.

अदेलाइदोच! दुसरं कोण? कुणाला सांगितलं नाही.

२० जानेवारी
हात वर केला. मालकांचा वाटा आता चौथाई. न्याय म्हणून केला, की त्या मुंडक्याच्या रागानं – सांगता येत नाही. अदेलाइदो माझ्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी
दिवसभर दार बंद.

३ फेब्रुवारी
सेफेरिनो पिऊन आला. हसत होता. "मुंडकं मी टांगलं, ताई! गाडीपण माझ्याच दोस्ताची. म्हटलं, तू म्हाताऱ्यावर चिडशील. चिडलीस की नाही?"

घराबाहेर काढलं त्याला. तो गेल्यावर खुर्ची दाराला लावली. पाठच्या भावाला भिऊन!

सकाळी अदेलाइदोंकडे जायचं. सगळं सांगायचं.

४ फेब्रुवारी
गेले. ते ट्रकमध्ये सामान चढवत होते. परवान्यांचा पैसा निम्म्यावर आल्यावर परवडेना, कुरण विकलं – टेक्ससच्या माणसाला. त्याची माणसं उंच जाळीचे खांब उतरवत होती, नदीपासून डोंगरापर्यंत. एल्क खाली उतरतात ती वाटच बंद. आता परवाना कुणालाही मिळो, गावाला शिकार दिसायची नाही.

मला बघून त्यांनी टोपी काढली. "वहिनी, आत या. थंडी आहे."