खिट्टीची कड

बाबा,

तुमचं एअर पिस्तूल बिघडलं. तुम्ही दादाकडे एडमंटनला राहायचात; तुम्ही गेल्यावर त्याने ते तिथून कुरिअरने पाठवलं होतं, ते नऊ वर्षं माझ्या कपाटात पडून होतं. यंदा तुमची नात सोळाची झाली, इथे व्हिटबीत नेमबाजीच्या क्लबात जायला लागली, म्हणून बाहेर काढलं. महिनाभर नीट चाललं आणि मग चापाच्या आतली खिट्टी मोडली. लिव्हर ओढून हवा भरली की चाप दाबेपर्यंत सगळं अडवून धरते ती. नवी मागवून मी बसवली, तर चाप इतका जड लागायला लागला की लेक म्हणाली, "आई, धिस इज लाइक लिफ्टिंग अ फ्रिज."

मी दोन्ही खिट्ट्या भिंगाखाली ठेवल्या. नवीची कड जाड, चौकोनी. जुन्या मोडलेल्या खिट्टीची पातळ, उतरती, आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर तुमचा हात फिरला होता हे मला लगेच कळलं. नव्या भागाबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की याला कानस लावू नये. मी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मी दहावीत असताना तुम्ही कारखाना दाखवायला नेलं होतं. अजून दिसतं, तुम्ही मापाच्या गेजमध्ये एकेक भाग घालून पाहताय, जात नाही तो बाद म्हणून लाल पेटीत टाकताय. तुमचे एक सहकारी मला हसत विचारताहेत, "काय गं, घरी पोळ्यांनाही गेज लावतात का साहेब?" तुम्ही वरसुद्धा बघत नाही. अशा माणसाने घासलं असेल तर तेच माप बरोबर, कंपनीचं चूक, असं मी धरून चालले. पिस्तुलाबरोबर आलेल्या तुमच्याच घासायच्या दगडावर तीन संध्याकाळी घासून नवी खिट्टी जुनीसारखी हुबेहूब केली. लेक खूश झाली.

चौथ्या दिवशी बेसमेंटमध्ये सराव करताना ती लिव्हर बंद करत होती आणि बार झाला. छर्रा ड्रायरच्या पत्र्यात घुसला. मी तिथून दोन हातांवर कपड्यांच्या घड्या घालत होते.

"इट जस्ट वेंट ऑफ! आय डिडन्ट टच इट, आई, आय स्वेअर!"

"बोट आत होतं तुझं. आपोआप नाही उडत ते. आजोबांचं पिस्तूल आहे, खोटं बोलू नकोस."

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून, शिकवलं होतं तसं, आणि वर निघून गेली.

त्यानंतर मी एकटीनेच ते रिकामं ठेवून बारा वेळा लिव्हर बंद करून पाहिली. तीनदा ते आपोआप सुटलं. स्प्रिंग बदलली, साफ केलं, तरी तेच. शनिवारी एटोबिकोला एका म्हाताऱ्या सरदारजींकडे घेऊन गेले. ते घरच्या गॅरेजमध्ये अशी कामं करतात. त्यांनी आधी मी घासलेली खिट्टी पाहिली, मग तुमची मोडलेली.

"ये पुराना पुर्ज़ा किसने घिसा, बेटा?"

"मेरे पिताजी ने. वो इन्स्पेक्टर थे, कारखाने में."

"फिर तो उनको पता होगा कि ये ग़लत है." त्यांनी तर्जनी वाकवून दाखवली. "उँगली में ज़ोर नहीं रहता ना, तब करते हैं लोग. वो पुराना तो चलते-चलते सेट हो गया होगा, नया ऐसे पकड़ेगा नहीं. टूटना तो था ही."

तुमच्या बोटांत जोर राहिला नव्हता. चाप ओढता येईना म्हणून आयुष्यभर लाल पेटीत टाकत आलात तसलं काम तुम्ही स्वतः केलंत, आणि मी त्याची नक्कल करून लेकीच्या हातात दिली. तिच्या शब्दापेक्षा तुमच्या खिट्टीवर माझा जास्त विश्वास होता.

आता सरदारजींनी दुसरी नवी खिट्टी जशीच्या तशी बसवून दिली आहे. चाप जड आहे, पण पिस्तूल आपोआप सुटत नाही, पन्नासदा पाहिलं. लेकीची माफी मागितली. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "इट्स फाइन." पण सरावाला खाली येत नाही. क्लबातही गेली नाही. आज परत विचारलं तर म्हणाली, "यू वोन्ट बिलीव्ह मी नेक्स्ट टाइम आयदर."

काल तुमच्या शेवटच्या वर्षातली माझी डायरी काढली. रविवारच्या फोनवर तुम्ही तुमच्या क्लबातला नेमबाजीचा स्कोअर सांगायचात आणि मी तो लिहून ठेवायचे. सबंध हिवाळा आकडे उतरत गेलेत, आणि मग एका आठवड्यात एकदम चढलेत; खिट्टी घासलीत तोच आठवडा असणार. तिथे मी लिहिलंय, 'बाबांचा हात सुधारला, बरं वाटलं.' बाबा, खरं तर आकडे उतरताना तुमचा हात चालत नसल्याची मला शंका आली होती. मी विचारलं नाही, कारण तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मला एडमंटनला यावं लागलं असतं.