हक्काचे तीन दिवस

सेलू, जि. परभणी
ता. ९ जानेवारी १९७५

चि. सौ. केशर हिस, अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझं रागाचं पत्र पोचलं. परभणीला गेले, तुमच्या मानवत रोडवर गाडी चांगली पाच मिनिटं उभी होती, तरी ना उतरले ना निरोप धाडला, हे तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. खिडकीतून मी उलट्या बाजूला बघत बसले होते हे मात्र त्या सांगणाऱ्याला दिसलं नसेल. बरोबर सून होती. तिच्यासमोर तुझ्याशी काय बोलणार?

दवाखान्यात गेले होते. घाबरू नकोस. मला काहीच झालेलं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

माझं म्हणणं निराळं आहे. पोळ्यापासून माझ्या अंगातला जीव कुणी उपसून नेल्यासारखं झालं आहे. सकाळी उठते तीच दमलेली. एवढी थंडी पडली आहे, जिनिंगच्या बाहेर कापसाचे गाडीवाले शेकोट्या करून बसतात, आणि मला कानापर्यंत जाळ चढतो, चोळी घामानं भिजते, मग हुडहुडी भरते. झोप नाही. परवा वरणात मीठ दोनदा घातलं आणि यांनी नुसतं वर बघितलं तर मी रडायला लागले. वैद्याचा काढा झाला. शेजारच्या बायनाबाईनं नजर लागली म्हणून लिंबू उतरवलं. कोणाची नजर लागणार आहे गं मला? आरशात बघायचंही मी सोडलं आहे.

शेवटी दिनकरनं परभणीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं आणि बायकोला सोबत दिली. रुख्मिणी शिकलेली, म्हणून बोलायचं काम तिच्याकडे. बाईंनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्त घेतलं. बऱ्याच गोष्टी विचारल्या, तिनंच उत्तरं दिली. रक्त थोडं कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आणि एक तांबडं टॉनिक दिलं. महिन्यानं परत या म्हणाल्या. गोळ्यांनी पोट तेवढं धरलं आहे, बाकी फरक नाही.

आता सुनेचं. तक्रार करण्यासारखं ती काही करत नाही, हीच माझी तक्रार आहे. बावीस वर्षांची आहे. पाण्याच्या दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर, आणि वर गाणं म्हणते. पाठ टेकली की झोपते. आणि दर महिन्याला तिच्या तीन दिवसांत मागच्या खोलीत वाकळ शिवत बसते, मी चुलीपुढे घाम पुसत असते आणि तिचं ताट तिच्यापुढे सरकवते. तुला तर माहीत आहे, यांच्या गळ्यात माळ, शिवाशिव कडक. त्या तीन दिवसांत तिला कशाला हात लावू देत नाहीत. मी ताट ठेवते आणि ती म्हणते, "आत्याबाई, तुमी लय थकायलात." थकायलात म्हणे! मला बरं वाटायच्या ऐवजी अंगाची आग होते.

तुझी अडचण अजून वेळेवर येते का? सहज विचारलं. तू बसतेस तेव्हा तुझ्या घरी कोण करतं? तुझी सासू करत असेल. तुझं बरं आहे.

संक्रांतीला तीळ धाडते. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल.

तुझी
अक्का


सेलू
ता. २७ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. केशर हिस,

तुझ्या तीन ओळींच्या पत्रात दोन ओळी प्रश्नांच्याच होत्या. "अक्का, तू मला तुझं का सांगत नाहीस? तुझं बंद झालं का?" धाकटी असून तू पहिल्यापासून आगाऊ.

हो. बंद झालं. पोळ्याला झालं.

आता पुढचं ऐक आणि हसायचं असेल तर हस. घरात कुणाला मालूम नव्हतं. पोळ्यानंतरच्या पहिल्या पुनवेला मी वाट बघितली, आलं नाही. त्या दिवशी मला उभंही राहवत नव्हतं, आणि घरात पाहुणे होते. केशर, तीस वर्षं या घरात मला पाठ टेकायला मिळाली ती त्याच तीन दिवसांत. लग्नात नाही, सणात नाही, तापात नाही. ताप आला तरी भाकरी टाकल्या आहेत मी. फक्त "मी बाहेर बसले" म्हटलं की सगळं घर दोन पावलं मागं सरतं. म्हणून मी तेवढंच म्हटलं, आणि मागच्या खोलीत जाऊन पडले. पुढच्या पुनवेलाही म्हटलं. आणि मग म्हणतच गेले. चोरी उघडी पडू नये म्हणून तिथीसुद्धा चुकवली नाही.

ती चोरी नडली दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कशी आहे? मी तोंड उघडायच्या आत सून मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आत्याबाईचं एकदम बरोबर हाय बाई. पुनवेला चुकायच्या न्हाईत." बाई चकित झाल्या. या वयात इतकं नेमानं, मग ही पाळी जायची लक्षणं नसणार, म्हणाल्या. मी तिथं मान खाली घालून बसले. खोटं आहे म्हणावं तर सुनेसमोर लाज, आणि ते तीन दिवसही जाणार. खरं सांगितलं तर औषध मिळेल आणि आराम जाईल, नाही सांगितलं तर आराम राहील आणि मी अशीच झिजत जाईन. मी टॉनिकची बाटली पिशवीत घालून घरी आले.

मग मागच्या अवसेच्या सुमारास रुख्मिणी बसली. माझ्यानं त्या दिवशी पाटा हलत नव्हता. चटणी वाटता वाटता जाळ चढला, छाती धडधडायला लागली. तशीच तिचं ताट घेऊन गेले. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. थंडगार. केशर, त्या क्षणी मला तिचे पाय बघवले नाहीत. मी ताट आपटलं. कालवण सांडलं. म्हटलं, "बस, राणीवानी बस! दर महिन्याला पलंगावर बसायला मिळायलंय, आमी हाव की राबायला मरंस्तोवर!"

मला वाटलं उलट बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं सांडलेलं कालवण आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आत्याबाई, मला कुटं बसायचंय? लग्नाला दोन वर्सं झाली. हर महिन्याला वाटतं, या बारीला बसावं लागणार न्हाई. मग बसावं लागतं. तुमी मोठ्यानं म्हनता, रुख्मी बसली गं, तवा सगळ्या गल्लीला कळतंय की याही महिन्यात काही न्हाई. बायनाबाई माज्याकडं कशी बघती ते तुमी बघितलं न्हाई. तुमीच घ्या माझे तीन दिवस. मला नकोत."

मी दोन वर्षं तिच्या तीन दिवसांचा हेवा करत होते. त्यात ती काय करत बसते हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटायचं वाकळ शिवते. ती रडत होती.

मी तिच्या बसायच्या चवाळ्यावर बसले. विटाळ झाला, आता आंघोळ करावी लागणार हे कळत होतं, तरी बसले. म्हटलं, "माझं पोळ्यापासून बंद हाय. मी उगंच बसते."

मला वाटलं हसणार, नवऱ्याला सांगणार. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं माय! आन् मी डॉक्टरला काय सांगून आले!"

तिची अडचण संपली त्याच आठवड्यात तिनं मला परत परभणीला नेलं. या खेपेला बोलले मी. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आपल्या अंगात एक रस असतो, त्याला हार्मोन म्हणतात, पाळी जायच्या वयात तो कमी-जास्त होतो, त्यानं हा जाळ, घाम, झोप उडणं, चिडचिड आणि थकवा. "हे मनाचे खेळ नाहीत," असं त्यांनी यांना सांगायला हवं होतं, पण सांगितलं मला. त्यावर गोळी असते, पण लगेच द्यायची नसते. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, दूध, तीळ, पालेभाजी खायची, दुपारी आडवं व्हायचं, जड उचलायचं नाही. वर्ष-दोन वर्षं जातील म्हणाल्या. आजाराला नाव मिळालं तर एवढं हलकं वाटतं हे मला माहीत नव्हतं. मग मीच रुख्मिणीला पुढं केलं, हिलाही तपासा म्हटलं. तिला तपासून म्हणाल्या, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये. दिनकर तेव्हापासून फुगून बसला आहे. फुगू दे. मी त्याला नेणार आहे.

पण खरी गंमत घरी झाली. रात्री जेवताना मी सांगून टाकलं, माझं आता संपलं. यांनी घास गिळला आणि चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! म्हणाले, "बरं झालं की. आता देवाचं बाराही म्हैने तूच बगायचं. सूनबाईच्या अडचणीत खोळंबा नको." तीस वर्षांनी मोकळी झाले, तर माझ्यासाठी यांच्याकडे एवढंच शिल्लक होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात भाकरी वाढता वाढता सून म्हणाली, "मामंजी, डॉक्टरीणबाईनं आत्याबाईला हर महिन्याला पुनवेपासून तीन दिवस चुलीपाशी जायची मनाई केलीय. देवघरात बी न्हाई. न्हाई ऐकलं तर दुखणं वाढल म्हनल्यात."

बाईंनी असलं काहीही सांगितलेलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिची पापणी हलली नाही. दिनकर म्हणाला, मग करील कोण? ती म्हणाली, "मी हाय की." डॉक्टरचं नाव निघाल्यावर यांनी नुसतं आणखी कालवण मागितलं.

परवा पुनव झाली. हे पत्र मी मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. चोरून नाही. स्वयंपाकघरात ती भाकरी थापते आहे, हा आराम तिच्या हातांतून निघाला आहे, हे मला समजतं. मी तिच्या वयाची असताना माझ्या सासूसाठी असं धडधडीत खोटं बोलायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि सासू झाल्यावर सुनेला असं काही द्यावं हे सुचलंही नाही. तिला दोन्ही जमतं. त्याचाही मला हेवा वाटतो, केशर. तुझ्यापासून काय लपवू?

आता देवाजवळ एकच मागणं आहे, की पुढच्या अवसेला तिला बसावं लागू नये. मग सगळं घर तिच्या मागंपुढं करेल, तिला चिंच आणून देतील, पाट उचलू देणार नाहीत, आणि मी पुन्हा जळेन. तेवढं जळायची माझी तयारी आहे.

तुझी, आज काहीही काम नसलेली,
धुरपताअक्का