खिडकीकडचा गाल

३ मार्च, मंगळवार
पुरुषाच्या गालाला मलम! सूनबाईने आणलंय — हिरव्या चहाच्या अर्काचं. एवढीशी डबी, किंमत विचारू नये. मुलगा बस चालवतो, खिडकीकडच्या गालावर दिवसभर ऊन. त्याने कातडी लवकर म्हातारी होते म्हणे. "आई, बाबांचंच बघा ना. एक गाल साठीचा, एक ऐंशीचा!" हे हसले. यांनीही तीस वर्षं बसच चालवली. मला मात्र झोंबलं. इतकी वर्षं तो चेहरा बघते, मला कधी दिसलं नाही. हिला आल्या आल्या दिसलं!

५ मार्च
सकाळी ती त्याला शिकवत होती — "आधी हे, मग वरून उन्हाचं मलम. नुसत्या चहाने ऊन अडत नाही." तो गाल पुढे करून उभा. म्हटलं, "इस्त्रीपण करून घे रे!" ती हसली. मी टोमणाच मारला होता.

९ मार्च
ती दोन दिवस माहेरी. डबी अर्ध्यावर आलेली. घरात हिरवा चहा होताच. उकळला, गाळला, गार केला, देवाचं नाव घेत डबीत घोटला. डबी काठोकाठ! चहात चहा — बिघडायचंय काय?

१७ मार्च
त्याच्या गालावर पुरळ. पू धरलाय. "तुझे चोचले!" तिच्यावर ओरडला. मी भांडी घासत होते. मान वर केली नाही.

१८ मार्च
आम्ही तिघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. डबी उघडून त्यांनी वास घेतला. "यात चहाचं पाणी कोणी घातलं? घरी उकळलेला चहा नासतो. डबीत जंतू झालेत."
तो तिच्याकडे बघायला लागला.
सून म्हणाली, "मीच घातलं. पुरावी म्हणून."
तिला माहीत होतं. घरात असलं पुरवून पुरवून वापरणारं दुसरं कोण आहे! आणि मी? पिशवी सावरत बसले.

२१ मार्च
गाल बरा होतोय. पण तो तिच्याशी बोलत नाही, तिने भरलेला डबा नेत नाही. तो डबा दुपारी ती एकटीच खाते. माझ्याशी एक वाकडा शब्द नाही. "आई, तुम्ही जेवलात का?" एवढंच.
रोज देवापुढे कबूल करते. देवाला सांगणं सोपं. तो उलट विचारत नाही.

२४ मार्च
आज मुलाला सगळं सांगितलं. चहा, गाळणी, घोटणं — सगळं. तो म्हणाला, "पुरे, आई. तिला पाठीशी घालू नकोस. तू असलं कधी करशील का?"