पहिला चीक

पनवेल, ता. २ डिसें. १९५८
लेक बाळंतपणाला आली. आठवा लागलाय. पाय सुजलेत, बाकी ठीक. पिशवी ठेवता ठेवता सुमननं विचारलं, "आई, या खेपेला जगेल ना गं?" म्हटलं, "न जगायला काय झालं?" आणि पेटलेली चूलच फुंकत बसले.

ता. ७
मासिकात डॉक्टरांचा लेख. बोट ठेवून दोनदा वाचला. आईचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, टाकू नये. बाळाला आजारातून राखणारं काही त्यात असतं, असं नव्या तपासात दिसतंय म्हणे. आणि गेल्या साली सु.चा चीक मीच फडक्यावर पिळला. बाळाला तीन दिवस गुळाचं पाणी. मग जुलाब. पाचवी पुजायची राहूनच गेली. या हातांनी...

ता. ८
दवाखान्यातल्या नर्सबाईंना लेख दाखवला. "खरं आहे आजी. पण तुमची सुईण ऐकेल?" ऐकेल कशी नाही!

ता. १९
सुईण धोंडीबाय रोडपालीहून पोट बघायला आली. चीक पाजायचा म्हटल्यावर उसळली. "नासका दूध तो! आमी कंदी पाजला नाय. कागदावरचा शानपना मना नको शिकवू, आक्के."
चहा दिला. मग हळूच, म्हैस व्याली का गं?
"व्याली ना, परवाच."
पारडाला चीक पाजलास?
"मंग? तो नाय पाजला तं पारडू उबा तरी राल का?" तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली.
म्हटलं, "उरलेल्याचा खरवस आपण वाटी वाटी चापतो. माझ्या पोरीचाच तेवढा नासका?"
"तुजी जीभ हाय का कोयता!" हो काही म्हणाली नाही.

२४ जाने. १९५९
सकाळी मुलगी झाली. रडली खणखणीत. धोंडीबायचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. माझ्याकडे बघितलं. फडकं बाजूला सारलं. "घे बाय, पाज."
गुळाला हात लावला नाही.

ता. २७
चौथा दिवस. सकाळपासून दहादा लंगोट बघितला. पिवळं, जरा पातळ. नर्सबाई म्हणतात, अंगावर पिणाऱ्यांचं असंच असतं. सु. विचारत नाही, नुसती माझं तोंड बघते. म्हटलं, तू पाजत राहा.
उद्या पाचवी. सटवाईपुढे कोरा कागद नि लेखणी मांडायची. कागद या वहीतलाच फाडते. पेनही हेच, घरात दुसरं नाही. तिचं होईतो माझं लिहिणं बंद.