तुती तिकडे, सुरू इकडे

२ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. तुझा गुडघा, भावजींचा रेडिओ आणि तुमचं मांजर, तिघंही कुरकुरत का होईना पण चालू असतील असं धरून चालते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण एक तर तुला ऐकू कमी येतं आणि दुसरं म्हणजे आमच्या घराला खोली एकच. मी तुला ओरडून सांगायचं आणि शेजारी बसून यांनी ऐकायचं, त्यापेक्षा कागद बरा.

आधी कामाचं. आपल्या तिकडच्या सोफ्यांच्या दुकानाला विकत घेणारं गिऱ्हाईक मिळालं. तुमच्या चौकातला बेकरीवाला. यांचं त्याच्याशी फोनवर बोलणं झालं आहे, महिनाअखेरीला हे येऊन सह्या करतील आणि विषय संपेल. किल्ल्या भावजींकडेच आहेत, तेव्हा त्याला एकदा आतून दाखवून टाका. सासऱ्यांचं कापड कापायचं टेबल तो ठेवणार आहे म्हणे, पाव मांडायला. ठेवू दे. फक्त कपाटात सोफ्याच्या कापडांचे नमुने आहेत, मी रंगाप्रमाणे लावून बांधलेले, त्यांना त्याचा हात लागू देऊ नका. त्याचे हात कायम तेलकट असतात. हस्तांदोलन केलं की घरी येऊन साबण लावावा लागतो.

मला त्याची किळस येते हे तुला ठाऊक आहे. म्हणा, मला कुणाची येत नाही? आई म्हणायची, ही पोरगी नाक मुरडतच जन्माला आली. पुढे त्या नाकाने चांगलाच सूड घेतला.

आणि अशा माणसाला नोकरी मिळाली कुठे, तर हॉटेलच्या लाँड्रीत. ताई, माणसं स्वतःच्या घरी कशी झोपतात देव जाणे, पण हॉटेलात चादरीवर बसून जेवतात, चादरीने बूट पुसतात आणि पडद्याला नाक शिंकरतात. मी ते सगळं दोन बोटांनी उचलून वेगवेगळ्या ढिगांत टाकते. आमची मुकादमीण म्हणते, तुझ्याइतकं तोंड वाकडं करून एवढं स्वच्छ काम करणारी दुसरी बाई पाहिली नाही.

हे मात्र मजेत आहेत. हॉटेलच्या तळघरात सोफे-खुर्च्या दुरुस्त करतात. खाऱ्या हवेने स्प्रिंगा गंजतात, आतला फोम ओला होऊन कुजतो, त्यामुळे कामाला तोटा नाही. अंगाला तो कुबट वास घेऊन घरी येतात. यांच्या निम्म्या वयाचा मॅनेजर यांना शिट्टी मारून बोलावतो. मला ते बघवत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, त्यात काय, पाच वाजले की आपण सुटलो.

इथे ज्याला त्याला आमची गोष्ट माहीत आहे. बायकोच्या नाकासाठी बापाचं चालतं दुकान सोडून आला, असा नवरा शोधून सापडायचा नाही. बायका मला थांबवून सांगतात. मी मान डोलावते. तीन वर्षं डोलावून डोलावून मान दुखायला लागली आहे.

तिकडे तुतींना तुरे आले असतील. दुकानासमोरची रांगच्या रांग. आठवतं, डोळे बेडकासारखे सुजायचे आणि मी गिऱ्हाइकाला निळं कापड दाखवते आहे की हिरवं हेच मला दिसायचं नाही. डॉक्टरांनी दंडावर एकेका झाडाचा अर्क टोचून पाहिला, तर बाकीचे ठिपके जागच्या जागी आणि तुतीचा तेवढा फुगून टम्म. म्हणाले, जिथे तुती नाही तिथे जा, बरं वाटेल. इथे तुती औषधालाही नाही. किनाऱ्याने नुसती सुरूची झाडं, उंच आणि केसाळ.

निघताना तू म्हणाली होतीस, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. ते मला तेव्हाही लागलं होतं आणि अजून लागतं. मी इथे ठणठणीत आहे. सध्या थोडं पडसं आहे, ते दमट हवेने.

बेकरीवाल्याला दुकान दाखवलं की कळव.

तुझी धाकटी

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस, कागदावर थेंब वाळले होते, शाई पसरली होती, रडत रडत लिहिलंस का. तुझ्या मायेला काय म्हणू. ताई, ते अश्रू नव्हते. ते पत्र तू उशाशी ठेवलंस असंही लिहिलं आहेस. काढ ते तिथून आणि हात धू.

आता लपवून काय उपयोग. मी शिंकते आहे. दमट हवा नाही आणि पडसंही नाही. तेच सगळं, तसंच्या तसं. टाळू खाजते, कान आतून खाजतात, नाकाचा नळ होतो. कामावर मशीनं चालू असतात म्हणून कुणाला कळत नाही. घरी शिंक आली की मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि भांडी आपटते. हे म्हणाले, हल्ली तू भांडी फार जोरात घासतेस. म्हटलं, करपलेलं निघत नाही.

सुरुवातीला मी साबणाच्या पावडरीला दोष दिला. मग एक दिवस लाँड्रीच्या अंगणातून वाळलेल्या चादरी काढल्या, तर पांढऱ्या चादरींवर पिवळसर भुकटी. मुकादमीण ओरडली, कुणी हळद सांडली. मी वर पाहिलं. अंगणाच्या तिन्ही बाजूंना सुरू, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला तांबूस तुरे. वारा आला की धूर निघाल्यासारखं व्हायचं. त्या चादरी मी छातीशी कवटाळून घड्या घालत होते, रोज. हातातली चादर मी तिथल्या तिथे टाकली. झाडांनी आपला संसार माझ्या नाकात येऊन का करावा, सांग मला.

लाँड्रीत एक डोंगराकडची बाई नवी लागली आहे, आम्ही तिला डोंगरीण म्हणतो. तिला तिकडे देवदाराचा त्रास होता. इथे आल्यापासून छाती भरून श्वास घेते आणि सगळ्यांना ऐकवते, समुद्राची हवा ती समुद्राची हवा. पहिल्या वर्षी मीही अशीच मिरवत होते. तिच्याकडे बघून मला माझीच लाज वाटते.

शेवटी यांना न सांगता इथल्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे, टेबलावर हात न आपटता बोलते एवढंच मला पुरे. तिने टोचून पाहिलं. तुतीचा ठिपका फुगलाच, आणि त्याच्या शेजारी सुरूचाही. ती म्हणाली, प्रत्येक मुलखाची आपली झाडं असतात. समुद्रापासून आत गेलं की तुती, किनाऱ्याला सुरू, डोंगरात देवदार. झाड नाही असा मुलूख नाही. नव्या जागी गेलं की शरीर काही मोसम गप्प राहतं, कारण त्याची तिथल्या झाडांशी ओळख नसते. ओळख झाली की काही जणांचं भांडण पुन्हा सुरू होतं. मग तिने सहज विचारलं, तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं का?

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, सहसा सांगतात.

आता तूच सांग, मी काय करू. गप्प बसले तर महिनाअखेरीला दुकान बेकरीवाल्याचं आणि आम्ही कायमचे इथले. बोलले तर ज्या नाकासाठी या माणसाने सगळं सोडलं ते नाक अजून वाहतंच आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू. आणि हे इतकं करतात गं. हल्ली कामावरून आले की ओल्या फडक्याने खिडकीची चौकट पुसतात. वारा सुटला की खिडकीला ओला टॉवेल लावतात. मला दारातच थांबवून म्हणतात, केस झटकून ये. अशा माणसाला फसवते आहे म्हणून मला चादरींपेक्षा स्वतःची जास्त किळस येते.

भावजींना यातलं काही बोलू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

तुझी धाकटी

२३ मार्च

प्रिय ताई,

मी ठीक आहे, हे आधी वाच आणि मग बस. बेकरीवाला तुमच्याकडे येऊन तणतणून गेला असेल. त्याला मीच फोन केला होता. दुकान विकायचं नाही.

झालं ते असं. रविवारी दुपारी मी भांडी घासत होते आणि शिंक आली. सवयीप्रमाणे नळ पूर्ण सोडला. नळाने एक गुरगुर केली आणि पाणी गेलं. घरात चिडीचूप. त्यात मी एकामागून एक शिंकले, पोटात मुरडा येईपर्यंत, हातातलं भांडं खाली, पदर नाकाला. काय काय झालं ते लिहीत नाही, तू मागचं पत्र विसरलेली नसशील.

हे खिडकीशी होते, पाठमोरे, हातात ते ओलं फडकं. ताई, यांनी वळून पाहिलं नाही. चौकट पुसतच राहिले. तीन वर्षांत जी बायको शिंकली नाही ती घर हादरवते आहे आणि माणूस मान वळवत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

म्हणाले, गेल्या मोसमापासून. तू झोपेत शिंकतेस.

मग बोलला का नाहीत, तर फडकं पिळायला लागले. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, मुलखामुलखाची झाडं आणि शरीराची ओळख, आणि म्हटलं, आपल्या डॉक्टरांनी हे सांगितलं असतं तर आपण आलोच नसतो. हे खाली बघत म्हणाले, सांगितलं होतं. तू डोळे धुवायला आत गेली होतीस तेव्हा. दोन-तीन मोसम बरे जातील, पुढचं सांगता येत नाही, असं म्हणाले होते.

मी खाली बसले. ओल्या फरशीवरच.

मग ते बोलले, ते तसंच्या तसं लिहिते. "मला ते दुकान कधीच नको होतं. बाबांना सांगता आलं नाही, तुला तर त्याहून नाही, तू तिथे रमली होतीस. सकाळी शटर वर करणं रोज माझ्या जिवावर यायचं. लोकांशी घासाघीस करायची, उधारी मागायची, मालक म्हणून उभं राहायचं. मला नुसता सोफा शिवायचा होता. तेवढ्यात तुझं नाक मदतीला आलं."

मी म्हटलं, आणि हे पुसणं, टॉवेल लावणं? काळजीच ना?

म्हणाले, भीती. तुला त्रास व्हायला लागला की तू म्हणशील, मग परत जाऊ. म्हणून दुकान विकायचीही घाई केली.

ताई, मी आयुष्यात बरीच घाण पाहिली, हल्ली तर पगार घेऊन पाहते. पण ही सगळ्यांवर कडी. वाटेत थांबवून बायका मला सांगतात, काय नशीब काढलंस, आणि हा माणूस शेजारी उभा राहून लाजल्यासारखं हसायचा. तीन वर्षं मी त्या उपकाराखाली वाकून चालले. त्या शिट्टी मारणाऱ्या मॅनेजरचा राग गिळला, कारण वाटायचं, माझ्यासाठी सोसतात. सोसत कसले होते, सुटले होते. आणि मी मूर्ख मोरीत उभी राहून शिंका गिळत होते.

एक मात्र मान्य करते. सांगून झाल्यावर हे आत गेले, मोठा कोरडा टॉवेल आणून माझ्या हातात दिला आणि समोर फरशीवर बसले. त्यांचेही डोळे भरले होते, आणि त्यांना कुठल्याही झाडाचं वावडं नाही. मला दया आली. पण किळस गेली नाही. दोन्ही एकाच वेळी येतं, हे मला माहीत नव्हतं.

मी तिथेच बसून विचार केला की मला काय हवं आहे. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. डॉक्टरांनी नाकाचं विचारलं, तू रागाने पळसाचं बोललीस, यांनी तर काहीच नाही. आणि मला आठवलं ते त्या टेबलामागचं उभं राहणं. नवीन घर मांडलेली जोडपी येतात, भांडतात, त्याला तपकिरी हवं असतं, तिला पिवळं, आणि मी तिसराच नमुना काढून दोघांच्या मधे ठेवते आणि दोघं गप्प होतात. डोळे सुजलेले असतानाही मी ते करायचे. नाक लाल आणि जीव मजेत. इथे नाक तेवढंच लाल आणि जीव लोकांच्या चादरींत.

म्हणून बेकरीवाल्याला फोन केला. हे शेजारी उभे होते. दुकान त्यांच्या नावावर आहे, नाही म्हणू शकले असते. नाही म्हणाले नाहीत. फोन ठेवल्यावर एवढंच विचारलं, सोफे कोण शिवणार? म्हटलं, कारागीर मिळतात. मालकीण म्हणून मी उभी राहीन. तुम्हाला यायचं असेल तर कारागीर म्हणून या, पाच वाजले की सुटाल, घासाघीस मी करीन. नाही तर राहा इथे, शिट्टी ऐकत. ते विचार करतो म्हणाले. करू देत. मी थांबलेली नाही, माझं तिकीट काढलं आहे.

तुती ऐन भरात असताना येते आहे, हे मला कळतं. डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा दिला आहे, गोळ्या दिल्या आहेत, आणि अंगाला हळूहळू सवय लावायची इंजेक्शनं असतात तीही तिकडे विचारा म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी हे कुणी विचारलं असतं तर एवढा प्रवास वाचला असता. पण तेव्हा नवऱ्याचा त्याग बघण्यात सगळे गुंग होते, मी सुद्धा. शिंकायचंच आहे तर आपल्या दारात शिंकेन.

भावजींना सांग शटरला तेल घाला. सासऱ्यांचं टेबल गरम पाण्याने पूस, बेकरीवाल्याने हात ठेवला असेलच. माझ्यासाठी रुमाल काढू नकोस, ते पुरत नाहीत, जुने टॉवेल काढ. आणि "पळसाला पानं तीनच" म्हणायचा तुझा हक्क आहे, पण स्टेशनवर एकदाच म्हण, मोठ्याने, आणि पुन्हा म्हणू नकोस.

हे पत्र मात्र खुशाल उशाशी ठेव. लिहिताना टॉवेल हाताशी होता.

येते आहे.

तुझी,
आता कुणाच्याही उपकारात नसलेली
धाकटी